जुन्या बास्केटबॉल कार्डांची अदलाबदल: किंमत कशी ठरवावी आणि ग्रेडिंग करून घ्यावे का?

प्रश्न: एडिसनकर

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझा अकरा वर्षांचा मुलगा एनबीएची (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची) कार्डे जमवतो, आणि शाळेच्या बसमध्ये, जिमखान्यात, वाढदिवसाच्या पार्टीत, जिथे समवयस्क मुले भेटतील तिथे त्यांची अदलाबदल करतो. आतापर्यंत सगळी कार्डे नवी असल्यामुळे मी त्यात फारसे लक्ष घातले नव्हते. मात्र आमच्या शेजारच्या आजोबांनी घर बदलताना त्याला जुन्या कार्डांनी भरलेले पुठ्ठ्याचे एक लांब खोके भेट दिले आणि तेव्हापासून घरात रोज नवा सौदा मांडला जातो आहे.

खोक्यातली बहुतेक कार्डे 1990-91 च्या हूप्स संचातली आहेत. थोडी त्याच वर्षाच्या स्कायबॉक्सची आणि फ्लीअरची आहेत (ही सगळी कार्डांच्या ब्रँडची नावे). मायकल जॉर्डनची कार्डे पुष्कळ आहेत, काही तर एकाच छापाची चार-चार. मुलाच्या एका मित्राने आपले व्हिक्टर वेम्बन्यामाचे 2023-24 च्या प्रिझम या चकचकीत संचातले कार्ड देऊ केले असून त्याच्या बदल्यात त्याला सगळे जॉर्डन हवे आहेत. मुलाचे मत असे की एका कार्डासाठी इतकी कार्डे देणे म्हणजे उघड तोटा. मित्राचे म्हणणे असे की जुन्या जॉर्डनना कोणी विचारत नाही. दोघेही मला न्याय करायला सांगतात, आणि मला या व्यवहारातले ओ की ठो कळत नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे: दोन अगदी वेगळ्या काळांतल्या कार्डांची किंमत एकमेकांशी कशी ताडून पाहावी? जॉर्डनची कार्डे ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून अवस्था तपासून अंक मिळवायला, पाठवणे योग्य ठरेल का? आणि मुलांच्या अदलाबदलीत पालकांनी कितपत पडावे? मुलाचा आनंद हिरावून न घेता त्याला व्यवहार शिकवता आला तर मला हवे आहे.

उत्तर: शिकागोचा जुना संग्राहक

मुलाला हा नाद लागला आणि तुम्ही त्याच्या बाजूने उभे आहात, याचा मनापासून आनंद झाला. मी शिकागोच्या उपनगरात राहतो आणि बरीच वर्षे कार्डे जमवतो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी सौद्याचे. कार्डांच्या संख्येवर काहीच ठरत नाही. एका कार्डाला दहा द्यावी लागली म्हणून तोटा होतो असे नाही आणि दहा मिळाली म्हणून फायदाही होत नाही. ज्याला संग्राहक ‘कॉम्प’ म्हणतात, म्हणजे तेच कार्ड त्याच अवस्थेत नुकतेच खरोखर किती रकमेला विकले गेले तो आकडा, हा दोन काळांतल्या कार्डांना लावता येणारा एकमेव सामाईक मापदंड आहे. ईबेवर शोध घेताना ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ हा पर्याय निवडा. विक्रेत्याने मागितलेली रक्कम पाहू नका, कारण हूप्सच्या साध्या जॉर्डनसाठी हजारो डॉलर मागणाऱ्या जाहिराती तिथे कायम लटकलेल्या असतात आणि त्या भावाने ते कार्ड कोणी घेत नाही. शेवटचे चार-पाच व्यवहार पाहून त्यांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सोडला की साधारण अंदाज येतो.

हे केल्यावर मित्राच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे असे तुम्हाला आढळेल. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षे अमेरिकेत कार्डांचे पीक अमाप आले. लोकांनी ती गुंतवणूक समजून खोकीच्या खोकी बंद ठेवली, कंपन्यांनी मागणी येईल तेवढी छापली, आणि आज ती सगळी कार्डे चांगल्या अवस्थेत उपलब्ध आहेत. हूप्सचा 1990-91 चा जॉर्डन ग्रेड नसताना काही डॉलरांत मिळतो. तो जगातल्या सर्वांत लोकप्रिय खेळाडूचा असला तरी ज्याला हवा त्याला तो मिळतो, म्हणून भाव चढत नाही.

याच्या उलट 1986-87 चा फ्लीअर संच पाहा. टॉप्स या कार्ड कंपनीने 1981-82 नंतर बास्केटबॉल सोडून दिले होते आणि मधल्या काळात स्टार नावाच्या कंपनीची कार्डे संघवार बंद पिशव्यांतून थोड्या प्रमाणात विकली जात. दुकानात पाकीट फोडून मिळणारे कार्डच नव्हते. जॉर्डन 1984 मध्ये लीगमध्ये आला, पण पाकिटातून निघालेले त्याचे पहिले कार्ड दोन हंगामांनंतरचे, फ्लीअरच्या 132 कार्डांच्या संचातले 57 क्रमांकाचे. त्याच संचात चार्ल्स बार्कली, पॅट्रिक युइंग, हकीम ओलाजुवॉन, कार्ल मलोन, क्लाइड ड्रेक्सलर अशा कितीतरी जणांची रुकी, म्हणजे पहिलीवहिली, कार्डे एकदम आली, कारण मधल्या वर्षांचा अनुशेष भरून निघाला. त्यातले पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या सर्वोच्च 10 दर्जाचे जॉर्डनचे कार्ड जानेवारी 2021 मध्ये 7,38,000 डॉलरला विकले गेले, आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षातच त्याच दर्जाचे कार्ड दोन लाखांच्या आसपास आले. हा दुसरा आकडा मुलाला पहिल्याइतक्याच आवर्जून सांगा. कार्डाची किंमत वर जाते तशी खालीही येते, आणि हे अजून खेळत असलेल्या खेळाडूच्या बाबतीत अधिकच खरे असते. वेम्बन्यामा हा असामान्य खेळाडू आहे, पण त्याच्या कार्डाचा भाव त्याच्या पुढच्या प्रत्येक हंगामाशी बांधलेला आहे. जॉर्डनच्या कारकिर्दीत आता काही बदलायचे नाही.

मित्राचे कार्ड नेमके कोणते हेही नीट पाहा. प्रिझममध्ये एकाच छायाचित्राचे साधे कार्ड असते, रुपेरी चमक असलेले ‘सिल्व्हर’ असते, शिवाय निरनिराळ्या रंगांचे पॅरलल, म्हणजे त्याच कार्डाच्या वेगळ्या आवृत्त्या, असतात. त्यांतल्या काहींवर प्रतींची संख्या छापलेली असते आणि सोनेरी रंगाच्या तर फक्त 10 प्रती असतात. साधे आणि सिल्व्हर यांच्या किमतीत मोठे अंतर असते. ओळखायची खूण सोपी आहे: कार्ड उजेडात तिरपे धरले की सिल्व्हरवर इंद्रधनुष्याचा झोत सरकतो, आणि पाठीमागे ‘प्रिझम’ हा शब्द वेगळा छापलेला असतो.

आता खोक्याबद्दल एक गोष्ट, जी मुलाला नक्की आवडेल. हूप्सच्या 1990-91 संचात ओर्लँडो मॅजिकच्या सॅम व्हिन्सेंटचे 223 क्रमांकाचे कार्ड शोधायला सांगा. त्याच्या पहिल्या छापात व्हिन्सेंटजवळ शिकागो बुल्सची 12 क्रमांकाची जर्सी घातलेला एक खेळाडू दिसतो. तो मायकल जॉर्डन आहे. 14 फेब्रुवारी 1990 ला ओर्लँडोत सामन्याआधी त्याची 23 क्रमांकाची जर्सी चोरीला गेली आणि संघाजवळ असलेली नाव नसलेली जादा जर्सी घालून तो खेळला. त्या रात्री त्याने 49 गुण केले, तरी बुल्स हरले. त्या संध्याकाळचा पुरावा मूठभर नाण्यांत मिळणाऱ्या या कार्डावर आहे. माझ्या मते सगळ्या खोक्यातले सर्वांत मोलाचे कार्ड हेच असेल, आणि ते सौद्यात देऊ नये.

उत्तर: टोरांटोहून

ग्रेडिंगच्या प्रश्नापुरते लिहितो.

पीएसए, बेकेट, एसजीसी या कंपन्या कार्ड अस्सल आहे का आणि कोणत्या अवस्थेत आहे हे तपासून त्याला अंक देतात आणि कठीण प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत घालून परत पाठवतात. त्यासाठी कार्डामागे किमान वीसेक डॉलर आणि वर जाण्यायेण्याचा टपालखर्च धरावा लागतो. ज्या कार्डाची सर्वोच्च दर्जाची किंमतही या खर्चाच्या जवळपास आहे, ते पाठवण्यात काहीच अर्थ नाही. हूप्सच्या जॉर्डनला 10 मिळाले तर थोडाफार फायदा होईल, पण 9 मिळाले तर खर्चही निघणार नाही, आणि छपाई ज्या वेगाने होत असे ते पाहता 10 मिळणे दिसते तितके सोपे नसते.

तरीही मुलाला कार्ड पारखायला शिकवा, कारण अदलाबदलीत तेच ज्ञान कामाला येते. चार गोष्टी पाहायच्या: चित्र मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. मध्य तपासायला समोरासमोरच्या दोन कडांची रुंदी मोजावी. 10 साठी पुढच्या बाजूला साधारण 55 ला 45 इतकाच फरक चालतो. हूप्सच्या रुपेरी कडेवर हा फरक नुसत्या डोळ्यांनाही जाणवतो. कोपरे काळ्या कापडावर ठेवून भिंगातून पाहावेत, म्हणजे बोथट झालेला कोपरा पांढऱ्या ठिपक्यासारखा चटकन उठून दिसतो. पृष्ठभागासाठी दिव्याखाली कार्ड हळूहळू फिरवावे, कारण चरा आणि दाब समोरून सहसा दिसत नाहीत, प्रकाश घसरत जातो तेव्हा दिसतात. रंगीत कडेच्या कार्डांवर, विशेषतः 1986-87 च्या फ्लीअरवर, कडेचा रंग उडून आतला पुठ्ठा जरा दिसला तरी किमतीत मोठी घसरण होते.

एक कळकळीची विनंती आहे. कार्ड ओल्या बोळ्याने पुसू नका, वाकलेला कोपरा जड पुस्तकाखाली दाबून सरळ करू नका आणि कडा कापून सारख्या करण्याचा विचार तर मनातही आणू नका. छेडछाड केलेले कार्ड तपासनीसांच्या लक्षात येते आणि त्याला अंक मिळत नाही.

आणि एखाद्याने 1986 चा जॉर्डन ग्रेड नसलेला, स्वस्तात देऊ केला, तर तिथून निघून यावे. या कार्डाच्या नकला अनेक वर्षांपासून फिरत आहेत. दहा पट मोठे करणाऱ्या भिंगातून नावाची काळी अक्षरे पाहिली तर अस्सल कार्डावर ती सलग शाईची दिसतात, आणि स्कॅन करून छापलेल्या नकलेवर तीच अक्षरे रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. परंतु इतक्या किमतीच्या कार्डाबाबत भिंगावर विसंबून राहू नये. ते नामांकित कंपनीच्या पेटीतच घ्यावे आणि पेटीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा.

एडिसनकर

दोघांचेही आभार. सॅम व्हिन्सेंटचे कार्ड खोक्यात मिळाले, आणि त्यात 12 क्रमांकाचा जॉर्डन आहे! मुलाने ते सौद्यातून तत्काळ बाजूला काढले. मित्राचे कार्ड साधे प्रिझम आहे, सिल्व्हर नाही. दोघांनी मिळून विक्रीचे आकडे पाहिले आणि सगळ्या जॉर्डनऐवजी तीन जॉर्डन व एक जुना डेव्हिड रॉबिन्सन यावर त्यांचे एकमत होत आले आहे.

आता त्याला ठाण्याच्या मामेभावाशी अदलाबदल करायची आहे. तो तिकडे कोबी ब्रायंटची कार्डे जमवतो. कार्डे टपालाने पाठवणे कितपत सुरक्षित आहे? आणि भारतातल्या हवेत ती टिकतात का?

उत्तर: ठाणेकर

मी ठाण्यातच राहतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या काळजीचा आहे.

ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले आणि एनबीएचे संघ इथल्या प्रेक्षकांना प्रथमच डोळ्यांसमोर खेळताना दिसले. तरीही कार्डे जमवणारे आम्ही इथे विखुरलेलेच आहोत. दुकानात पाकीट सहज मिळत नाही, म्हणून बहुतेक कार्डे परदेशातून येतात किंवा आपसांतल्या अदलाबदलीतून. त्यामुळे अमेरिकेत राहणारा भाऊ असणे ही इथल्या मुलासाठी मोठीच सोय आहे. शक्य असेल तर कार्डे कोणी येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकाबरोबर पाठवा. टपालखर्च आणि सीमाशुल्क यांत पाच-दहा डॉलरच्या कार्डांचा सौदा परवडत नाही, आणि पाकिटावर किंमत खोटी लिहून शुल्क वाचवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. पाकीट हरवले तर भरपाईही त्याच खोट्या रकमेची मिळते.

हवेबद्दल सांगायचे तर आमचा खरा शत्रू पावसाळा आहे. 1990 ची कार्डे साध्या पुठ्ठ्याची असल्यामुळे ती ओलावा शोषतात आणि थोडी फुगतात, पण बहुधा सपाट राहतात. क्रोम आणि प्रिझमसारख्या चकचकीत कार्डांना एका बाजूला धातूसारखा थर असतो. मागचा कागद ओलावा घेतो, पुढचा थर घेत नाही, आणि कार्ड पन्हळीसारखे वाकते. मामेभावाकडे कोबीचे 1996-97 चे टॉप्स क्रोम असेल तर ते त्याने आधी नीट बघावे. त्या संचातली कार्डे वाकलेली सापडणे अगदी नेहमीचे आहे. मी जूनच्या आधी सगळी कार्डे घट्ट झाकणाच्या डब्यांत हलवतो, प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि त्या मधूनमधून बदलतो. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर त्यात कार्डे ठेवू नयेत. तिथे ओल हटकून येते.

जुन्या अल्बमच्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पानांतून कार्डे ताबडतोब काढावीत, कारण त्यातले पीव्हीसी कालांतराने छपाईला चिकटते. नऊ खणांची पॉलिप्रोपिलीनची पाने चांगली. आणि रबर बँड तर कधीच नाही.

जाता जाता एक सुचवतो. तुमच्याकडे हूप्सची इतकी कार्डे आहेत तर मुलाने पूर्ण संचच का जमवू नये? 1990-91 चा संच दोन मालिका मिळून 440 कार्डांचा आहे. नऊ खणांच्या 49 पानांत तो मावतो. आधी क्रमांकवार यादी करावी, मग जादा प्रती बाजूला काढाव्यात, म्हणजे अदलाबदलीला काय द्यायचे आणि काय मागायचे हे आपोआप स्पष्ट होते. ज्या खेळाडूचे नाव आज कोणालाच आठवत नाही त्याचे कार्ड मिळाल्यावर जो आनंद होतो, तो महागडे पाकीट फोडून मिळत नाही असा माझा अनुभव आहे. जुने संच जमवणाऱ्यांना टॉप्सच्या 1980-81 च्या कार्डांचे इतके प्रेम का, हेही त्याला त्यातून कळेल: तिथे एकेका कार्डावर तीन खेळाडू असत, मध्ये फाडण्यासाठी छिद्रांच्या ओळी असत, आणि लॅरी बर्ड, ज्युलियस अर्व्हिंग व मॅजिक जॉन्सन हे एकाच कार्डावर आले. त्या वेळच्या मुलांनी ती कार्डे सांगितल्याप्रमाणे फाडली, म्हणून अखंड राहिलेल्यांना आज मोल आहे.

उत्तर: शिकागोचा जुना संग्राहक

ठाणेकरांच्या पूर्ण संचाच्या सूचनेला माझे दुजोऱ्याचे मत. यादी करताना 205 क्रमांकाच्या मार्क जॅक्सनपाशी थोडे सावध राहा. त्या छायाचित्रात मैदानालगत बसलेले दोन प्रेक्षक म्हणजे आईवडिलांच्या खुनासाठी पुढे दोषी ठरलेले मेनेंडेझ बंधू आहेत, हे अनेक वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आले आणि कार्डाचा भाव अचानक वाढला. दोन माणसांच्या हत्येमुळे कार्ड महाग व्हावे हे मला पटत नाही. मुलाने ते संचाचा भाग म्हणून ठेवावे. कोणी त्याच्यासाठी जादा कार्डे देऊ केली तर कारण काय हे त्याला तुम्ही समजावून सांगितलेले बरे.

पालकांनी कितपत पडावे, हे तुमच्या पहिल्या प्रश्नांतले उत्तर राहून गेले होते. माझ्या मते किंमत मुलांनी स्वतः शोधावी आणि पालकांनी दोनच गोष्टी ठरवून द्याव्यात. पहिली अशी की एका विशिष्ट रकमेच्या वरचा, समजा 20 डॉलरच्या वरचा, कोणताही सौदा दोन्ही घरच्या मोठ्यांना सांगितल्याशिवाय पक्का होणार नाही. दुसरी अशी की सौदा झाल्यावर एक रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी दोघांपैकी कोणाला परत हवे असेल तर कार्डे मुकाट्याने परत करायची. मोठ्यांच्या बाजारात अशी सवलत नसते, पण अकरा वर्षांच्या मुलांची मैत्री कोणत्याही कार्डापेक्षा जास्त दिवस टिकायला हवी.

अदलाबदल ही विक्रीपेक्षा का बरी, हेही त्याला हिशेबाने दाखवा. 100 डॉलरचे कार्ड ईबेवर विकले तर तेराएक टक्के शुल्क आणि टपाल जाऊन हातात पंच्याऐंशीच्या आसपास राहतात. त्या पैशांतून दुसरे कार्ड घ्यायचे तर तुमच्या न्यू जर्सीत 6.625 टक्के विक्रीकर वर द्यावा लागतो. दुकानदाराला रोख विकले तर तो कॉम्पच्या बराच खाली भाव देणार, कारण त्यालाही दुकान चालवायचे आहे. दोन मुलांनी समोरासमोर बसून कार्डे बदलली तर हे सगळे वाचते. म्हणूनच कार्डांच्या मेळाव्यात जाणकार लोक रोकड सांभाळून ठेवतात आणि आधी अदलाबदलीबद्दल विचारतात.

टपालाने पाठवायचेच असेल तर कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पिशवीत) घाला. स्लीव्हच्या तोंडाशी कोपरा अडकून दबतो, म्हणून तोंड दोन बोटांनी थोडे फाकवून कार्ड आपल्या वजनाने आत सरकू द्या. मग ते टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या पाकिटात) घालून तोंडावर रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी लावा. पारदर्शक चिकटपट्टी काढताना गोंद मागे राहतो आणि घेणाऱ्याला सुरीने कापावे लागते, त्यात कार्डाला चरा पडतो. पट्टीचे एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे ती ओढून काढता येते. टॉपलोडर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घट्ट बांधून बुडबुड्यांच्या पाकिटात ठेवा आणि पाकीट हलवून पाहा; आत काहीही सरकता कामा नये. ट्रॅकिंग क्रमांक दोघांनी एकमेकांना कळवावा आणि अनोळखी माणसाशी सौदा असेल तर ज्याची ओळख कमी त्याने आधी पाठवावे, असा इथला रिवाज आहे. मामेभावांना तो लागू करायची गरज नाही. त्यांनी एकाच दिवशी पाठवावे, आणि पाठवण्याआधी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र काढून एकमेकांना धाडावे.